परबकाकांचं ऊन

“आलं! आलं! आत व्हा! अरे, पोरांना आत घ्या!”

सकाळची वेळ. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीची मागची भिंत जिथे संपते तिथे नॅशनल पार्कचं जंगल सुरू होतं. त्यामुळे ‘आलं’ म्हणून कोणी ओरडलं तर ‘काय आलं?’ असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. आधी पळायचं, जनावर कुठलं होतं ते नंतर आतून विचारायचं. वॉचमन म्हणे दोन पायऱ्या गाळून कंपाउंडमधल्या पाण्याच्या टाकीवर चढला. दूधवाल्याने पिशव्या जागच्या जागी सोडून दिल्या. मी तोंडात ब्रश असतानाच गॅलरीचं दार धाडकन लावलं, कडी घातली, वर खुर्ची टेकवली, आणि मग लक्षात आलं की बायको गॅलरीतच राहिली आहे. तुळशीला पाणी घालत होती. पुढचा आठवडाभर मला आमटीत मीठ मिळालं नाही, पण ते असो.

काही वेळाने दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी चार बोटं उघडली. त्या फटीतून एक हातमोजा बाहेर आला आणि कंपाउंडकडे थरथरत बोट दाखवू लागला.

“भिंत ओलांडली त्याने! बघताय काय?”

टाकीवरून वॉचमन ओरडला, “किधर है काका? दिखता नहीं!”

“दिसत नाही? अरे आंधळ्या, तुझ्या डोक्यावर आहे!”

वॉचमन बेशुद्ध पडायचाच बाकी राहिला. मग आम्ही सगळ्यांनी हळूहळू माना वर करून पाहिलं. बिबट्या नव्हता. ऊन आलं होतं. कोवळं, हळदीच्या रंगाचं, भिंतीवरून घसरून बॅडमिंटन खेळणाऱ्या पोरांच्या पायांशी येऊन पडलेलं.

“काका,” मी तोंडातला फेस सांभाळत ओरडलो, “मला वाटलं जनावर आलं!”

“जनावर परवडलं!” खिडकीतून उत्तर आलं. “जनावर एकाला नेतं. हे सगळ्यांना एकदम धरतं!”

आणि खिडकी बंद झाली.

तर हे आमचे परबकाका. दत्ताराम परब. गाव मालवणच्या बाजूचं, जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत रंगखात्यात कामाला होते. काका स्वतः विमा कंपनीत, तेही क्लेमच्या टेबलावर. म्हणजे सगळं जग सकाळी चहाबरोबर पेपर वाचतं, तेव्हा हा माणूस कोण कसा जिन्यावरून पडला, कोणावर नारळ कोसळला आणि कोणाला आंघोळीच्या गिझरने नेलं ते वाचत होता. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर हसत-खेळत जगावं अशी अपेक्षा करणंच चूक. बोरीवलीत निवृत्त माणसाला दोनच वाटा असतात, भजनी मंडळ किंवा मॉर्निंग वॉक. परबकाकांनी तिसरी शोधली. त्यांनी सूर्याशी वैर धरलं.

भर दुपारी काका बाहेर पडले की बघण्यासारखे असायचे. डोक्यावर काळी छत्री, तिला आतून चकचकीत कागद शिवलेला. छत्रीखाली टोपी. टोपीखाली स्कूटरवाल्या मुली बांधतात तसा तोंडाला फडका. काळा चष्मा. हातमोजे. चपलेत पायमोजे. आणि उघडा राहिलेला जो काही टिचभर परब असेल त्याच्यावर पांढऱ्या क्रीमचा असा थर, की गणपतीच्या दिवसांत पोरं ‘शाडूचा आहे, अजून वाळला नाही’ म्हणून बोट लावून बघायची. स्टेशनजवळच्या एका सोनाराच्या दुकानात ते एकदा फक्त सावलीसाठी शिरले. दारावरच्या रखवालदाराने बंदूक खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. काका म्हणाले, “हात खाली घे बाबा, काखेत ऊन शिरेल.”

बोरीवलीतल्या सगळ्या सावल्या त्यांना पाठ होत्या. कुठल्या टॉवरची सावली सकाळी कुठल्या फुटपाथवर पडते आणि ती कितीला सरकते हे त्यांना विचारावं. बाजारात जायला त्यांनी एकदा रिक्षा केली ती दहिसरवरून नेली, कारण त्या रस्त्याला झाडं जास्त. कोपऱ्यावरच्या बाजारातून कोथिंबिरीची एक जुडी घेऊन ते तासाभराने परत आले, आणि ती जुडी त्यांच्यापेक्षा जास्त उन्हाने वाळली होती. चांदण्यातसुद्धा ते छत्री उघडायचे. मी म्हटलं, “काका, हा तर चंद्र आहे.” म्हणाले, “उजेड कोणाचा आहे पण? माल त्याच दुकानातला ना?”

आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकाच वाक्याने. “कातडी विसरत नाही रे. तू विसरशील, मी विसरेन. कातडी विसरत नाही.”

हे ते अशा आवाजात म्हणायचे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मला स्वतःला त्यांची भीती वाटू लागली होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालताना मागे वळून बघायचो. बायको म्हणायची, “काय झालं?” मी म्हणायचो, “काही नाही, ऊन बघतंय असं वाटलं.”

एकदा गोराईला सहल काढून आम्ही परत आलो. दोन दिवसांनी जिन्यात काकांनी मला गाठलं. माझं मनगट धरलं आणि ट्यूबलाइटखाली नेलं. घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी उजळ, बाकी हात तांब्याच्या घंगाळासारखा.

“हे काय आहे, सुधीरा?”

“घड्याळाचा पट्टा होता, काका. बाकीचं जरा रापलं.”

“जरा? हा पंचनामा आहे! तू रापलास म्हणजे काय झालं, तुला ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं. आपण उन्हात गेलो की भाजतो, पापड भाजतो तसे, आणि काळे पडतो, एवढंच माझं शास्त्र. ते मी सांगितलं. काकांनी कपाळावर हातमोजा मारला.

“माझा बापूस गिरणीत रंगखात्यात होता. ऐक. तुझ्या कातडीच्या तळाशी तसंच एक रंगखातं आहे. तिथं कामगार पेशी बसलेल्या असतात, चहूकडे हात पसरून. वरून ऊन पडतं. त्यातलं जे डोळ्याला दिसतं त्याला मी भीत नाही. जे दिसत नाही ना, अतिनील, ते सरळ आत घुसतं. प्रत्येक पेशीच्या पोटात एक धागा असतो, पेशी कशी चालवायची ते सगळं त्या धाग्यात. हा मेला तो धागाच उसवतो! मग पेशी बोंब मारते. ती बोंब ऐकली की रंगखात्याचा भोंगा वाजतो. पाळी सुरू. काळपट रंगाचे दाणे तयार होतात, आणि कामगार ते शेजारपाजारच्या पेशींना हातोहात पोचवतात. तो दाणा घेऊन पेशी काय करते?”

“काय करते?” माझा आवाज नकळत खाली आला होता.

“आपल्या धाग्याच्या डोक्यावर धरते. छत्रीसारखा. म्हणून तू आज काळा दिसतोस. तुझ्या या एका हातात आता लाखो छत्र्या उघडल्यात.”

“मग बरंच आहे की, काका. देवाने आयती सोय केलीय.”

“सोय? तुझ्या घराला आग लागली आणि बंब आला, तर तू दारात उभा राहून पेढे वाटशील? बंब आला याचा अर्थ आग लागली होती! पहिल्या दिवशी काही दिसत नाही, रंग चढायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून माणूस फसतो. आणि तुझं रंगखातं चालू आहे म्हणून तू असा दात काढतोयस. ते बंद पडलं की कळेल...”

एवढं बोलून ते एकदम थांबले. आपल्या दाराकडे पाहिलं. माझं मनगट सोडलं आणि आत निघून गेले. मी तिथेच उभा, आपल्याच हाताकडे बघत. त्या रात्री मी लांब बाह्यांचा स्वेटर घालून झोपलो. मे महिन्यात.

आता एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. प्रत्येक सोसायटीला एक नग लागतोच. पण आमच्या बायकांचं काकांशी भांडण वेगळं होतं. त्यांना परबकाकू हव्या होत्या.

परबकाकू म्हणजे आमच्या गच्चीच्या सेनापती. उन्हाळा आला की वाळवणं त्यांच्या हुकमाने घातली जायची. त्यांच्या हातचे पोह्याचे पापड मी खाल्लेत. तळले की इतके हलके व्हायचे, की पंखा बंद करून वाढावे लागायचे, नाहीतर ताटातून उडून शेजाऱ्याकडे जायचे. पीठ त्याच कुटणार, मग तेलाचं बोट लावून लाट्या करणार, आणि पहिला पापड लाटण्याआधी प्रत्येकीच्या हातावर एकेक कच्ची लाटी ठेवणार. ती तेलात बुडवून खायची. गच्चीवरचा हा नेमच होता. ती लाटी खाल्ली की मगच लाटणी चालायची.

पण गेली काही वर्षं काकू वर येतच नव्हत्या. गच्चीवर काय, खाली भाजीवाल्याशी बोलायलासुद्धा नाहीत. सणासुदीला कोणाकडे नाहीत. कधी दार उघडलंच तर लांब बाह्यांचं ब्लाउज, हात पदराखाली. ‘म्हाताऱ्याने बायकोला लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवलीय,’ असं आमची मेधा म्हणायची. मेधा म्हणजे गॅलरीत अडकलेली तीच, माझी बायको. काकूंशिवाय गेल्या साली बायकांनी पापड केले. ते तळल्यावर काय झालं हे मी सांगत नाही. आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय पूर्वी डुगडुगायचा, आता डुगडुगत नाही, एवढंच सांगतो.

“यंदा काहीही होऊ दे,” मेधा म्हणाली, “काकूंना मी वर नेणारच. बाई आत बसून वाळून जाईल. तू जाऊन त्या काकांशी बोल.”

“मी? त्यांनी मला परत त्या छत्र्यांचं सांगितलं तर?”

“मग तूही एक घे आणि जा.”

गेलो. त्यांच्या घरात मी बऱ्याच दिवसांनी पाऊल टाकत होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, कारण काचेतूनसुद्धा थोडं येतंच म्हणे. दिवसाढवळ्या ट्यूबलाइट. पूर्वी फोटो धुवायची खोली असायची तसं घर. काका माझ्यासमोर बसले, आणि स्वयंपाकघराच्या पडद्यातून चहाचा कप आला. नुसता कप, पदरात धरलेला. पाठोपाठ काकूंचा आवाज, “मेधा बरी हा मगे? पोह्यांचो भाव ह्या साली वाढलो ना?” आवाजात अशी भूक होती की मला कसंतरीच झालं.

“काका,” मी म्हटलं, “काकूंना गच्चीवर पाठवा ना. बायका पोह्याचे पापड घालतायत.”

“नाही.”

“सावलीत बसतील. टाकीच्या सावलीत.”

“ऊन उलटून येतं. भिंतीवरनं, पत्र्यावरनं.”

“ताडपत्री बांधतो मी.”

“फटी राहतात.”

“बरं, सूर्य वर यायच्या आत...”

“नाही म्हणतो ना, सुधीरा!”

ओरडणारे परबकाका मला सवयीचे होते. पण हे ते ओरडणं नव्हतं. आवाज खाली गेला होता. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता, पंख्याखाली बसून. सूर्याला भिणारा माणूस मी इतकी वर्षं पाहत आलो होतो, पण तो उन्हाबद्दल बोलताना असा माझ्याकडे बघायचा नाही. या वेळी तो मला भीत होता. मला! जो स्वतः खुर्ची टेकवून बायकोला बिबट्यापुढे सोडतो!

“माका भय वाटता रे,” ते पुटपुटले. काका घाबरले की मालवणीत जातात.

“कसलं, काका?”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. “उनाचा,” म्हणाले. “दुसऱ्या कसल्या?”

मी घरी येऊन मेधाला सांगितलं की हे जमण्यातलं नाही, माणूस खरंच घाबरलाय. मेधाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि डाव टाकला. आमच्या बायकोचे डाव ऐकले तर मोठमोठे पुढारी शिकवणीला येतील. ती म्हणाली, “तू उद्या त्यांना खाली ने. सांग, सोसायटी कंपाउंडमध्ये सावलीची झाडं लावतेय, कुठे लावायची ते तुम्हीच दाखवा. पुढचं मी बघते.”

झाडं म्हटल्यावर काका विरघळले. छत्री, चष्मा, हातमोजे, सगळा साज चढवून खाली आले, आणि कंपाउंडभर माझ्या पुढे चालू लागले. इथे करंज, इथे बदाम, इथे नको, इथे दुपारी त्या टॉवरची सावली आहे. मी मान डोलावत होतो. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या पोराला पतंग आणून दिल्यासारखे. त्यांना फसवल्याचं मला फार वाईट वाटू लागलं, पण तोवर वरून आवाज यायला लागला होता.

धप. धप. धप. गच्चीवर पीठ कुटलं जात होतं.

आणि मग कठड्यावरून, चार मजले उतरून, एक खणखणीत आवाज आला. “त्याल लाव गो, त्याल! सुका पडला पीठ! असा हात चालवतत काय?”

काका जागच्या जागी थांबले. त्यांची मान वर झाली. छत्री हातातून सुटली आणि सिमेंटवर गोल फिरत राहिली.

“सुधीरा, ही वर गेली?”

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या पकडीत एवढा जोर होता की मला वाटलं आता माझा हात त्यांच्या हातातच राहतोय. आणि मला ओढतच ते जिन्याकडे धावले. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. सत्तरी गाठलेला माणूस, पायात मोजे, एका वेळी दोन-दोन पायऱ्या.

पहिल्या मजल्यावर त्यांना धाप लागली. कठडा धरून उभे राहिले. “तिच्या हातावर,” म्हणाले, “तिच्या हातावर डाग आसत.”

“कसले डाग?”

उत्तर दुसऱ्या मजल्यावर आलं. स्वतःच्या दारासमोर. दार सताड उघडं होतं. आत कोणी नव्हतं. “कोड,” काका म्हणाले. “रंगखाता बंद पडला रे तिचा. आधी बोटांवर इला, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत.”

मी म्हटलं, “काका, पण ते कोणाला लागत नाही. साथीचं नाही ते.”

“माका म्हायत आसा! डॉक्टरनं सांगितलंय मला. लोकांक म्हायत आसा?” ते पुन्हा चढू लागले. आता मालवणी आणि मराठी यांची सरमिसळ होऊन शब्द पायऱ्यांवर सांडत होते. “ती गोरी आहे. सावलीत राहिली तर डाग लांबनं दिसत नाही, कातडीत मिसळून जातो. उन्हात गेली की बाकीची कातडी रापते, आणि डाग तस्सो पांढरो. त्याच्याकडे छत्रीच नाही ना उघडायला. मग लांबनं दिसतो. पार रस्त्यापलीकडनं दिसतो.”

तिसऱ्या मजल्यावर ते पायरीवर बसलेच. टोपी, चष्मा काढून पायरीवर ठेवले होते, तोंडावरचा फडका खाली ओढला होता. घामाने क्रीम ओघळून गळ्यात आलं होतं.

“माझी आत्या होती गावाक. घरातली सगळी लग्नं तिच्या हातच्या पापडांनी पार पडलेली. तिला डाग आला, आणि तिचं ताट वेगळं झालं. मग तिच्या हातचं पाणी कोण घेईना. मग तिला मांगरात नेऊन ठेवली, गोठ्याच्या पलीकडच्या खोपटात. जेवण पानात घालून लांबनं सरकवायचे. तिथंच गेली ती. आणि सरकवत कोण होता? मी. लहान होतो. माका सांगलेला, जवळ जाव नको.”

जिन्यात फक्त वरची धपधप ऐकू येत होती.

“लोक विचारायला लागले, काकू का येत नाही, काकू का दिसत नाही. काय सांगायचं? मग मीच ओरडायला लागलो. ऊन आलं, ऊन आलं. आता कोण विचारतो? कोण नाय. सगळे म्हणतात, तो परब खुळो, तो सोडत नाही तिला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “खुळ्याच्या बायकोला कोण मांगरात घालत नाय, सुधीरा.”

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

तेवढ्यात वरची धपधप थांबली.

काका उठले आणि उरलेल्या पायऱ्या कशा चढले ते त्यांनाच ठाऊक. गच्चीच्या दारात मी त्यांना गाठलं. समोर लख्ख ऊन. एका बाजूला जुनी लुगडी अंथरून ठेवलेली, पापडांची वाट बघत. टाकीच्या सावलीत बायकांचं रिंगण, प्रत्येकीपुढे पोळपाट, आणि मधोमध परबकाकू. पदर कमरेला खोचलेला, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. आणि हात. बोटांच्या टोकांपासून वरपर्यंत पांढरे डाग, नकाशावरच्या बेटांसारखे, काठ अगदी स्पष्ट. पोह्याच्या, तिखटाने लाल झालेल्या पिठाने माखल्यामुळे ते आणखीनच पांढरे दिसत होते.

कुटून झालं होतं. काकूंनी पहिली लाटी उचलून तळहातावर धरली होती, नेहमीच्या नेमाप्रमाणे. हात पुढे केलेला होता. आणि समोरून एकही हात येत नव्हता.

मेधा तेलाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून मागे उभी होती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. तिलाही हे डाग नवीनच होते. ती नंतर मला म्हणाली, मी फक्त ‘चला’ म्हटलं, आणि काकू ‘थांब, हात धुवन येतंय’ म्हणून आत गेल्या आणि दोन्ही बाह्या वर करूनच बाहेर आल्या. मला वाटलं उकडत असेल, जिन्याच्या अंधारात डाग काही दिसले नाहीत.

तळमजल्यावरच्या पाटणकरबाई उठल्या. “अगंबाई, गॅस चालू राहिला वाटतं माझा,” म्हणाल्या, आणि आपलं लाटणं-पोळपाट उचलून, साडीचा घोळ अंगाशी आवळून, आमच्या बाजूने जिना उतरून गेल्या. आमच्याकडे बघितलं नाही त्यांनी. गॅस चालू ठेवून कोणी लाटणं बरोबर नेत नाही. काकांकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

आणि काका उन्हात गेले. बोडक्या डोक्याने, चष्मा नाही, छत्री नाही, गच्चीच्या भर मध्यात, जिथे पायसुद्धा भाजतात.

“उठ गो!” ते ओरडले. “उठ! सगळ्यांका दिसला!”

“दिसांदे,” काकू म्हणाल्या. हात तसाच पुढे. “तुम्ही आधी सावलीत येवा. डोक्यार ऊन लागात.”

“तुका भय कसा वाटना नाय?”

“माका खंय वाटला कधी?” काकूंनी पहिल्यांदा मान वर केली. “तुमका वाटता म्हणान मी खाली रवलंय. इतकी वर्सां.”

एवढा ओरडणारा माणूस, पण त्या उन्हात उभा असताना तो मला फार लहान दिसला, शाळेतून घरी न्यायला कोणी आलं नाही अशा पोरासारखा. तसेच हळूहळू चालत ते टाकीच्या सावलीपाशी आले आणि काकूंच्या शेजारी खाली बसले.

रिंगणात तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन बसल्या होत्या. गच्ची ही त्यांची जहागीर. कोणी कुठे बसायचं, कोणाचं लुगडं कुठे अंथरायचं, सगळं त्याच ठरवतात. आम्ही पुरुष त्यांच्यापुढे बोलत नाही, आमचा सेक्रेटरीसुद्धा त्यांना जिन्यात बघून वळतो. सगळ्या बायका आता हंसाबेनकडे बघत होत्या. हंसाबेन काकूंच्या हाताकडे बघत होत्या. चष्मा नाकावर खाली घेऊन, अगदी निरखून.

“आता लोक काय म्हणतील गो?” काका हळूच म्हणाले. काकूंनाच म्हणाले, पण गच्चीभर ऐकू गेलं.

हंसाबेनने हात लांब केला. काकूंच्या तळहातावरची लाटी उचलली, मेधाच्या पातेल्यात बुडवली, आणि तोंडात टाकली. डोळे मिटून चावत बसल्या. किती वेळ चावत होत्या देव जाणे, मला तर वाटलं त्या लाटीबरोबर त्या आमच्या सगळ्यांचा जीव चावतायत. मग त्यांनी गिळलं, पदराने तोंड पुसलं आणि डोळे उघडले.

“परबबेन,” त्या म्हणाल्या, “मीठ कमी पडला.”